व्हायोलेटबाईंचा पाहुणचार

एका जंगलात, मुलांनो, सगळं सुरळीत चाललं होतं. त्यामुळे तिथल्या राणीला चैन पडत नव्हती.

राणी म्हणजे वाघीण. तिला शिकार मिळत होती, प्रजा भीत होती, गुहा कोरडी होती. पण शेजारच्या जंगलातल्या सिंहाने आपल्या दारात परदेशी फूलझाड लावलंय, ही बातमी तिच्या कानावर आली आणि तिचं जेवणातलं लक्ष उडालं. मोठ्यांचं दुखणं असंच असतं बरं का. पोट भरलेलं असतं, म्हणून दुखायला दुसरी जागा शोधावी लागते.

राणीने करकोच्याला बोलावलं. करकोचा आफ्रिकेला जाऊन-येऊन असायचा. त्याने येताना चोचीतून एक रोप आणलं. आफ्रिकन व्हायोलेट त्याचं नाव. लव असलेली मऊ, मखमली पानं, मधोमध जांभळ्या फुलांचा झुबका, प्रत्येक फुलाच्या पोटात पिवळा ठिपका. सगळं मिळून एका बेलफळाच्या कवटीत मावलेलं. कवटीच्या बुडाला एक भोक होतं.

राणीचे दिवाण होते कोल्हे. त्यांनी रोपाभोवती एक फेरी मारली.

“एवढंच?” दिवाणजींनी विचारलं.

“एवढंच,” करकोचा म्हणाला. “याला उजेड दाखवा, ऊन दाखवू नका. माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही खालून, बशीत. पानं भिजवू नका. भांडं मोठं करू नका. आणि सारखं सारखं बघायला जाऊ नका.”

“यात ‘नका’ फार झाले हो.”

“रोपच तसं आहे,” करकोचा म्हणाला आणि उडून गेला. त्याला पुढे तळ्यावर काम होतं.

आता रोप ठेवायचं कुठे? राणीच्या गुहेत अंधार, बाहेर ऊन. शिवाय उद्या मेलं, तर राणीच्या घरी मेलं असं होणार. मरण्याचा संभव असलेली वस्तू नेहमी दुसऱ्याच्या घरी ठेवावी, एवढी दिवाणकी कोल्ह्यांना येत होती.

टेकडीच्या उत्तर अंगाला साळूबाई राहायची. साळिंदरांच्या कुळातली, एकटी. तिचं बीळ तिने स्वतः खणलेलं. नखं पार झिजली, तेव्हा कुठे ते घर झालं. दाराशी सपाट दगडाची ओसरी, वर कातळाचं छप्पर. दिवसभर लख्ख उजेड, पण उन्हाचा कवडसा म्हणून आत यायचा नाही. ही जागा दिवाणजींच्या मेहुण्यांनाही फार आवडायची. येता-जाता ते थांबायचे आणि छपराची उंची बघायचे.

“साळूबाई, अभिनंदन!” दिवाणजी म्हणाले. “तुमची निवड झाली.”

“कशासाठी?”

“सन्मानासाठी. राणीसाहेबांचं रोप तुमच्या ओसरीवर राहणार. वसंतातल्या मेजवानीला सिंहमहाराज येतील, तेव्हा ते फुललेलं हवं.”

“आणि नाही फुललं तर?”

“तर काही नाही. बीळ सरकारजमा होईल.”

“हा कसला सन्मान, दिवाणजी?”

“मोठा. लहान सन्मानात बीळ जात नाही.”

साळूबाईने वाकून रोपाकडे पाहिलं. “पण याला लागतं काय? करकोच्याने काही सांगितलं असेल ना?”

“सांगितलं तर,” दिवाणजी म्हणाले. “पण फार पसरट बोलतो तो. मी सुटसुटीत करून सांगतो. नीट काळजी घ्या.”

आणि ते निघून गेले.

आता त्या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरी पाहुणा आला की त्याला पाणी द्यायचं, हे तुमच्या आईनेही तुम्हाला शिकवलं असेल. पण त्या जंगलाने ही रीत फार मनावर घेतली होती. तिथे एकाच्या घरी पाहुणा उतरला, की आजूबाजूच्या सगळ्यांनी आपापल्या घरचं पाणी घेऊन त्याला भेटायला जायचं. “आमच्याकडचंही घोटभर घ्या!” पाहुण्याने नाही म्हणायचं नाही आणि यजमानाने अडवायचं नाही. अडवलं तर ते त्या घराण्याला नाकारल्यासारखं.

एकदा तिथे एक उंट आला होता. भिडस्त होता बिचारा. घरोघरचं पाणी पीत गेला. त्याला तशी तहान नव्हतीच, पण सांगायचं कसं? शेवटी तो निघाला तेव्हा त्याला चढावरून ढकलत न्यावं लागलं. जंगल मात्र खूश. “काय पाहुणचार झाला!” अजून त्याची गोष्ट निघते. उंट पुन्हा कधी आला नाही, ही बाजू कुणी काढत नाही.

तर व्हायोलेट म्हणजे पाहुणीच. आफ्रिकेहून आलेली, त्यात राणीची.

सगळ्यांत आधी शेजारची रानकोंबडी आली, पानाच्या द्रोणात पाणी घेऊन. सगळे तिला वहिनी म्हणत.

“अगं बाई, किती नाजूक!” वहिनी म्हणाल्या. “प्रवासाने सुकल्यात हो. घ्या व्हायोलेटबाई, लाजू नका.” आणि द्रोण उपडा केला.

मग बेडूकबुवा आले. त्यांनी नाल्याचं गारेगार पाणी गालात भरून आणलं होतं. ते त्यांनी पानांवर फवारलं.

“पानांवर कशाला, बुवा?” साळूबाई म्हणाली.

“पान म्हणजे अंगच की! अंग भिजल्याशिवाय ताजंतवानं कसं वाटेल? माझ्याकडे बघ.”

साळूबाईने बघितलं. बुवा ताजेतवाने होते, यात शंका नव्हती.

मग ससा आला, भेकर आलं, रानडुकराचं सगळं कुटुंब आलं. जो तो आपल्या घरचं पाणी घालून गेला. आणि सगळे गेल्यावर साळूबाई स्वतः घालायची. दुसऱ्यांनी घातलं आणि घरच्यांनीच नाही, असं व्हायला नको. त्यात तिला रोज मेहुणे दिसायचे. ते दिसले की ती आणखी थोडं घालायची.

पुढे झालं असं, की पानांवर फिकट डाग उठले. गार पाण्याने उठले, पण बोललं कोण?

“दृष्ट लागली,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पानांवरून पाणी ओवाळून तिथेच ओतलं.

मग पानांनी माना टाकल्या. कडेची पानं लोंबून कवटीला चिकटली.

“बघा, मी म्हटलं नव्हतं?” वहिनी कळवळून म्हणाल्या. “तहानल्यात!”

मुलांनो, या रोपाची ही एक खोड आहे. तहान लागली की मान टाकतं, आणि बुडायला लागलं तरी मानच टाकतं. दोन्ही वेळी चेहरा एकच. दुकानात असं गिऱ्हाईक येतं. भाव कमी सांगितला तरी तोंड वाकडं, जास्त सांगितला तरी तोंड वाकडं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही, त्याचा हात पिशवीकडे जातो का ते बघावं. रोपाचंही तसंच. मातीत बोट घालून बघावं. पण पाहुण्याच्या पोटात बोट घालून बघायची त्या जंगलात पद्धत नव्हती.

साळूबाई घाबरली. ती लोंबलेलं एक पान तोंडात धरून कावळ्याच्या झाडाखाली गेली. तिथे रोज सकाळी ‘हिरवा पंजा मंडळ’ भरायचं. आधी सगळे एकमेकांना शुभ सकाळ म्हणायचे. त्यात निम्मी सकाळ जायची. मग कुणीतरी आपल्या रोपाचं दुखणं मांडायचं आणि बाकीचे उपाय सांगायचे. उपाय सांगणाऱ्या कुणाच्याही घरी रोप नव्हतं, त्यामुळे सल्ला द्यायला सगळे मोकळे होते.

“ऊन दाखवा,” सरडा म्हणाला.

“छे! अंधार,” घुबड म्हणालं.

“अंड्याची टरफलं घाला,” मुंगसाने सुचवलं. कोंबडीवहिनी उठून लांब जाऊन बसल्या.

“माझ्या मावशीकडे अगदी असंच झालं होतं,” ससा म्हणाला.

साळूबाईच्या जिवात जीव आला. “हो? मग काय केलं तिने?”

“पुष्कळ केलं.”

“आणि?”

“मेलं ते. पण पानं अगदी अशीच झाली होती हो. हुबेहूब!”

वरच्या फांदीवर माकड बसलं होतं. ते खाली आलं. “घर लहान पडतंय,” ते म्हणालं. “दुसरं काही नाही. राणीसाहेबांचं रोप आणि राहतंय बेलाच्या कवटीत! साळूताई, लोक काय म्हणतील?”

“ते आलंच कवटीत, भाऊजी.”

“आलं तेव्हा परकं होतं. आता आपलं आहे.”

माकडाने कुठूनशी माणसांनी टाकलेली एक घागर आणली. बुडाला भोक नाही, चीर नाही, अगदी ठणठणीत. तिच्यात त्याने नाल्याचा चिखल गळ्यापर्यंत भरला आणि मधोमध रोप रोवलं. एवढ्या मोठ्या घागरीत ते रोप कसं दिसत होतं म्हणाल, तर भरल्या मांडवात हरवलेल्या पोरासारखं.

“आता ऐसपैस वाटेल,” माकड म्हणालं आणि भरपूर पाणी घालून गेलं.

दुसऱ्या दिवशी मेहुणे सहकुटुंब आले.

“नुसतं बघायला आलोय,” ते म्हणाले. त्यांच्या बायकोने ओसरीवर पावलं टाकून बघितली. “इकडे मुलं झोपतील,” ती नवऱ्याला म्हणाली, “आणि ही घागर आधी काढून टाकायची.”

साळूबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याच घराची मांडणी चालली होती आणि तिला कुणी बस म्हणत नव्हतं.

तेवढ्यात समोरून वहिनी आल्या, द्रोण घेऊन. मागे गाल फुगवलेले बुवा. त्यांच्या मागे माकड, भोपळाभर पाणी डोक्यावर घेऊन.

“कशा आहेत व्हायोलेटबाई?” वहिनींनी लांबूनच विचारलं.

साळूबाईच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. तिने उभे केले नाहीत, आपले आपण राहिले.

“बास!” ती ओरडली आणि गर्रकन वळली. काट्यांचा फटका घागरीला बसला. घागर ओसरीवरून खाली गेली आणि फुटली.

चिखल पसरला. आणि मुलांनो, असा वास सुटला, की रानडुकरानेही नाक मुरडलं असतं.

साळूबाईने रोप उचललं. मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती. हात लावला की निखळत होती.

“बाई गं,” वहिनी म्हणाल्या, “पाणी पोचतच नव्हतं वाटतं मुळांपर्यंत.” त्यांनी द्रोण पुढे केला.

“एक थेंब जरी घातलात ना वहिनी, तर याद राखा! तहानेने नाही, बुडून मरतंय ते!”

“अगं, आम्ही आपुलकीने…”

“आपुलकीनेच सडलंय! चला, निघा. बुवा, ते पाणी गिळा. भाऊजी, तुम्हीही. आणि पाहुणे, तुमची मोजणी झाली असेल तर वाट तिकडे आहे!”

काटे अजून उभेच होते, म्हणून सगळे निघाले. पण जंगलात एकच चर्चा. पाणी नाकारलं! ज्यांचं पाणी आजवर कुणी नाकारलं नव्हतं त्यांचं, आणि तेही तोंडावर! साळूबाईला वाळीत टाकलं. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, वाटेत भेटली तर बोलणं नाही, मंडळात शुभ सकाळ नाही.

साळूबाई ओसरीवर बसून थोडं रडली. मग तिने सडलेली मुळं दातांनी कुरतडून काढली. डागाळलेली पानं काढली. राहिला मधला एवढासा गड्डा आणि दोन-चार पानं. जुनी कवटी शोधून तिने तिच्यात सुकी पानमाती आणि जाडी रेती भरली, आणि तो गड्डा त्यात बसवला.

“आता मरायचं असेल तर कोरडं मर,” ती त्याला म्हणाली. आणि पाठ फिरवून कंदमुळं शोधायला गेली.

कुणी आलं नाही. कुणी विचारलं नाही. रोपाला कुणी ‘लाजू नका’ म्हणालं नाही. त्याच्या आयुष्यातले हे पहिले निवांत दिवस होते.

एकदा जाता-येता साळूबाईचा हात मातीला लागला. खडखडीत कोरडी. पान चाचपलं, ते मऊ पडलं होतं. वरून पाणी घालायचं म्हटलं की तिला त्या वासाची आठवण यायची. म्हणून तिने दगडातल्या एका खळग्यात थोडं पाणी घेतलं, ते कोमट होऊ दिलं आणि त्यात कवटी ठेवून दिली. बुडाच्या भोकातून माती पाणी ओढू लागली. थोड्या वेळाने वरची माती ओलसर दिसली, तशी तिने कवटी उचलून बाजूला ठेवली. पानाला थेंब लागला नाही. हवं तेवढं पिऊन थांबणारा पाहुणा तिने त्या जंगलात पहिल्यांदाच पाहिला.

थंडी सरत आली, तेव्हा मधोमध एक नवं पान आलं. नखाएवढं, लव असलेलं. मग आणखी आली. मग पानांच्या मधून बारीक देठ वर निघाले, टोकाला कळ्या घेऊन. साळूबाई त्यांच्याकडे लांबूनच बघायची, चोरून. जवळ जाऊन कौतुक केलं तर बिघडेल, अशी तिला धास्ती बसली होती.

फुलं आलेली सगळ्यांत आधी मेहुण्यांनी पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दिवाणजींना सांगितलं, आणि दिवाणजींनी राणीला.

“आमच्या नियोजनाला फुलं आली, राणीसाहेब,” ते म्हणाले.

वसंतातली मेजवानी झाली. सिंहमहाराज आले. व्हायोलेट मधोमध उंच दगडावर. सिंहाने तिच्याकडे पाहिलं, मग जेवणाकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे.

“बरी आहे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात जी जळजळ होती, ती ऐकून राणीला सगळं भरून पावलं.

“साळू, पुढे ये,” राणी म्हणाली. “सांग सगळ्यांना. हे फुलवलंस कसं?”

साळूबाई सरळ होती. तिने सरळ सांगितलं. “राणीसाहेब, सगळे पाणी घालत होते, मीही घालत होते, म्हणून ते सडत होतं. मी सगळ्यांना हाकललं, म्हणून ते जगलं.”

बेडूकबुवांचे डोळे आणखी बाहेर आले. वहिनींनी पदर डोळ्यांना लावावा तसा पंख लावला. राणीची शेपटी एकदा इकडून तिकडे झाली.

“म्हणजे,” दिवाणजी हळू म्हणाले, “राणीसाहेबांच्या प्रजेच्या हाताने झाडं मरतात, असं तुमचं म्हणणं? आणि ते सिंहमहाराजांसमोर?”

सिंहाने पहिल्यांदाच कान टवकारले. त्याला गंमत वाटू लागली होती.

मागच्या रांगेत मेहुणे उभे राहिले. त्यांनी बायकोला खूण केली. तीही उठली.

साळूबाईने ते पाहिलं. एका क्षणात तिच्या ध्यानात आलं, की रोप वाचलंय, पण घर अजून वाचलेलं नाही. रोपाला सुकी माती मानवते, दरबाराला नाही.

तिने वाकून नमस्कार केला.

“चुकलं माझं, राणीसाहेब. एवढी मोठी माणसं समोर बघून जीभ घसरली. खरं सांगू? बेडूकबुवांच्या फवाऱ्याने पानांना कांती आली. माकडभाऊजींच्या घागरीने मुळांना मोठेपणाची ओढ लागली. वहिनींच्या पाण्याला तर काय गोडी! हिरव्या पंजाने सकाळी शुभ म्हटलं आणि शुभ झालं. आणि दिवाणजींनी काळजी घ्या म्हटलं नसतं, तर काळजी घ्यायची असते हे मला सुचलं तरी असतं का? मी आपली नुसती ओसरी. फुलवलं ते यांनी.”

“मग हाकललंस कशाला?” वहिनी फणकारल्या.

“उपकाराचं ओझं पेलवेना, वहिनी.”

वहिनींनी डोळे पुसले. “वेडी गं वेडी,” त्या म्हणाल्या.

मेहुणे खाली बसले. राणीने साळूबाईचं बीळ साळूबाईकडेच कायमचं ठेवलं. शिवाय हुकूम काढला, की व्हायोलेटचं एकेक पान प्रत्येक घरी लावावं, आणि साळूने सांगितल्याप्रमाणे सर्वांनी मिळून ते फुलवावं. पान मातीत खोचलं की त्यालाही रोप येतं, हे खरं आहे मुलांनो. खोचून गप्प बसता आलं पाहिजे एवढंच.

साळूबाईवरचा बहिष्कार तिथल्या तिथे उठला. “उद्या सगळे येतो हो पाणी घेऊन!” बुवा आनंदाने म्हणाले.

साळूबाई हसली. घरी येऊन तिने ओसरीच्या खाली एक मोठा पोकळ दगड आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी मंडळी आली, तेव्हा ती हात जोडून उभी होती.

“व्हायोलेटबाई आता मोठ्या झाल्यात,” ती म्हणाली. “त्या सगळ्यांदेखत पीत नाहीत. त्यांच्या नावाने या दगडात घालायचं. पोचतं त्यांना.”

सगळ्यांनी भक्तिभावाने घातलं. दगड काठोकाठ भरला. त्या दिवसापासून साळूबाईला पाण्यासाठी नाल्यावर जावं लागलं नाही. आंघोळसुद्धा घरच्या घरी होऊ लागली.

बाकी जंगलात घरोघरी पानं लागली, आणि घरोघरी सडली. मग एकेक जण साळूबाईच्या ओसरीवर येऊ लागला, लिबलिबीत देठ हातात घेऊन.

“आमचं का गं नाही येत, साळूताई?” वहिनींनी विचारलं.

साळूबाईने देठ निरखून पाहिला.

“पाणी घातलंत?”

“रोज!”

“सगळ्यांनी?”

“अगदी बारक्या पिल्लांनीसुद्धा!”

“मग वहिनी,” साळूबाई प्रेमाने म्हणाली, “तुमचं काहीही चुकलेलं नाही.”

आणि वहिनी समाधानाने घरी गेल्या.

तात्पर्य : रोपाला एकटं सोडलं की ते फुलतं. पण एकटं सोडल्यामुळे फुललं, हे कुणाला सांगू नये. सल्ला देणाऱ्यांची मुळं फार नाजूक असतात, आणि त्यांना मात्र रोज वरून पाणी लागतं.